देणाऱ्याच्या खाती जमा

‘दिसावर’ हा शब्द आता आपल्या घरांतून फारसा ऐकू येत नाही. एकेकाळी मारवाड, गुजरातकडून पोटापाण्यासाठी निघालेला माणूस ‘दिसावराला गेला’ असे म्हणत. लोटा, अंथरूण आणि गाठीला थोडी रक्कम घेऊन तो निघे, ओळखीच्या पेढीवर मुनीमगिरी करी आणि पुढे एखाद्या बाजारपेठेत स्वतःचे दुकान मांडी. लोहा, कंधार, अहमदपूर, नांदेड या पेठांतील पुष्कळ जुन्या दुकानांचे मूळ अशाच एखाद्या दिसावरात सापडते. त्या माणसाची कथा आपल्या कुटुंबांत जपलेली आहे. वंशावळीत त्याचे नाव आहे, दुकानाच्या पाटीवर आहे, मंदिरातल्या देणगीच्या फरशीवरही आहे. त्याच्यामागोमाग आलेल्या स्त्रीची कथा मात्र ‘अमुक यांच्या धर्मपत्नी’ एवढ्या तीन शब्दांत संपते.

वास्तविक स्थलांतराची झळ तिला अधिक बसली. पुरुषाला निदान पेढी होती, जातभाई होते, व्यापाराची ठरलेली भाषा होती. ती आली तेव्हा तिच्यापाशी भाषाही नव्हती. मराठी ती शिकली ती दुकानाच्या मागच्या दारी येणाऱ्या बायकांकडून. बाजरीची सवय मोडून ज्वारीच्या भाकरीचा हात तिने बसवला. घरातील स्वयंपाक, मुले, सासरे, पाहुणे हे सारे सांभाळून ती माल निवडी, डाळ पाखडी, पापड लाटी, लोणची घाली आणि मालक वसुलीला खेड्यांवर गेले की गल्ल्यावरही बसे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दुकान लागले की मागे घरचे दुकान कोणी चालवायचे हा प्रश्न कुणी विचारीतच नसे.

तिच्या हिशेबाचे एकच उदाहरण देतो. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजी राज्याचा कलदार रुपया. सर्वसाधारण दर सात हालीला सहा कलदार असा होता. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतरही हाली रुपया काही वर्षे व्यवहारात राहिला. तो पुरता बंद झाला १९५९ मध्ये. सात-सहाचे हे गुणोत्तर, त्यात सोळा आण्यांचा रुपया, शेर-पायलीची मापे, आणि हे सारे पाटीपेन्सिलीशिवाय करायचे! ज्या पिढीच्या स्त्रियांना आपण सरसकट ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो, त्या हा हिशेब भाजी चिरता चिरता तोंडी करीत. निरक्षर आणि बेहिशेबी हे दोन वेगळे शब्द आहेत, हे बँकेतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला शेकडो वेळा पटले.

अशा मातांपैकी आपल्या भागातील कुणाचे चरित्र छापून आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण पैनगंगेच्या पलीकडच्या, आपल्या शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यातील एका मातेचे आले आहे. तिचा दिसावर कुठला, तर थेट लंडन. त्या म्हणजे राधाबाई वनारसे. मराठी जग त्यांना ‘लंडनच्या आजीबाई’ म्हणून ओळखते. सरोजिनी वैद्य यांनी ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ या ग्रंथात त्यांचे आयुष्य नोंदवून ठेवले, पुढे त्यांच्यावर नाटकही रंगभूमीवर आले. आपल्या व्यापारी कुटुंबांनी ही कहाणी व्यापाराच्या दृष्टीने वाचावी असे मला फार वाटते, म्हणून हे प्रयोजन.

राधाबाईंचा जन्म १९१० चा, यवतमाळ जिल्ह्यातील चौसाळा या खेड्यातला. शाळेचा संबंध आला नाही. लिहिता-वाचता येत नव्हते. लहान वयात लग्न झाले आणि पदरात मुली असतानाच वैधव्य आले. त्या काळच्या खेड्यात अशा स्त्रीपुढे दोनच वाटा असत : माहेरी किंवा सासरी कुणाच्या तरी आश्रयाला राहणे, अथवा लोकांच्या घरी राबणे. राधाबाईंच्या वाट्याला तिसरी वाट आली. लंडनमध्ये राहणाऱ्या वनारसे नावाच्या गृहस्थांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि इंग्रजीचा गंध नसलेली ही वैदर्भीय बाई समुद्रापार गेली. काही काळाने ते पतीही निवर्तले. परका देश, परकी भाषा आणि दुसऱ्यांदा आलेले वैधव्य, अशा अवस्थेत त्या उभ्या राहिल्या त्या आपल्या हातच्या स्वयंपाकाच्या बळावर. त्यांनी खानावळ चालवली, मराठी माणसांना राहायला जागा दिली.

तो काळ नीट डोळ्यांपुढे आणला पाहिजे, म्हणजे या उद्योगाचे मोल कळेल. महायुद्ध संपले तरी ब्रिटनमधले रेशनिंग संपले नव्हते. १९४० मध्ये सुरू झालेले हे नियंत्रण पूर्णपणे उठले ते १९५४ च्या जुलैमध्ये. साखर, लोणी, चहा सारे मापून मिळे. १९४६ ते १९४८ या काळात तर पावसुद्धा शिधापत्रिकेवर होता. आपल्या वाचकांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे त्या शिधावाटपात शाकाहारी माणसाची वेगळी नोंद होई. मांसाचा शिधा सोडला तर त्याला चीज अधिक मिळे. पण चीज म्हणजे काही तुरीची डाळ नव्हे. भारतीय किराणा सहजी मिळत नसलेल्या गावात वरण, भात, पोळी, भाजी असे ताट रोज मांडायचे, हे कामच मुळी एका पेढीएवढ्या खटपटीचे होते.

दुसरी अडचण निवाऱ्याची. तिकडे शिकायला जाणाऱ्या भारतीय मुलांना जागा मिळणे कठीण असे. काळ्या-सावळ्या माणसाला खोली देणार नाही असे घरमालक उघडपणे सांगत, तशा पाट्याही लावीत. घरभाड्याच्या व्यवहारातला असा वर्णभेद तेथील कायद्याने बेकायदा ठरवला तो १९६८ मध्ये. म्हणजे त्याआधीची कितीतरी वर्षे दार तोंडावर बंद झालेला मराठी विद्यार्थी, बॅग हातात घेऊन आजीबाईंचे दार ठोठावीत असणार. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून होते. सणासमारंभाला ते माणसांना एकत्र आणी. पण रोजच्या भुकेला आणि रात्रीच्या पाठ टेकण्याला घर लागते. ते घर या बाईंनी दिले. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर जिथे इतरांनी माल नाकारला तिथे त्यांना गिऱ्हाईक सापडले. आणि माणुसकीच्या भाषेत बोलायचे तर त्या गिऱ्हाइकाने त्यांना ‘आजीबाई’ म्हटले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्या जुन्या दुकानदारांना वेगळे सांगायला नको.

खानावळ हा धंदा बाहेरून सोपा दिसतो. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना माझा अनुभव असा की खानावळीइतका नेमका हिशेब फार थोड्या धंद्यांना लागतो. कापड उद्या विकता येते, लोखंड वर्षानेही विकता येते. शिजलेला भात संध्याकाळपर्यंतचा. पाच ताटे जास्त झाली तर नफा गेला, पाच कमी पडली तर गिऱ्हाईक गेले. जेवणाऱ्यांत कोण महिन्याचे पैसे वेळेवर देईल, कोणाची मनिऑर्डर अडकली आहे, कोणाला उधारीवर सांभाळले पाहिजे आणि कोणाला नाही, हे माणूस पाहून ठरवावे लागते. आम्ही अधिकारी ज्याला पतपारख म्हणतो ती हीच. राधाबाईंना ती करायची होती अशा चलनात, की ज्यात बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता. दशमान पद्धत तिकडे आली १९७१ मध्ये. सोळा आण्यांच्या हिशेबात वाढलेल्या बाईला बारा आणि वीसचे हे कोष्टक जमले, यात मला नवल वाटत नाही. सात हालीला सहा कलदार मोजणाऱ्या आपल्या आज्यांना ते जमलेच असते.

पण नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. खानावळीवर न थांबता राधाबाईंनी लंडनमध्ये घरे घेतली, एकामागून एक घेतली आणि ती स्वतः मालकीण म्हणून सांभाळली. ब्रिटनमध्ये घरासाठी कर्ज मागणाऱ्या स्त्रीकडे पुरुष जामीनदार मागण्याची प्रथा सर्रास होती. स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा तिथला कायदा १९७५ चा. त्या समाजात एका निरक्षर, परदेशी, विधवा स्त्रीने स्थावर मिळवावे आणि ते तिच्या नावाने ओळखले जावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. १९८३ मध्ये त्या वारल्या तेव्हा चौसाळ्याची ती मुलगी लंडनमधील मराठी समाजाची आधारवड झालेली होती. किंमतही तिने मोजली होती. हजारो लोकांच्या लेकरांना जेवू घालणाऱ्या या आईच्या पहिल्या संसारातील मुली मायदेशी मागे राहिल्या होत्या. दिसावराच्या प्रत्येक यशात असा एक खर्च असतो आणि तो ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

आता आपल्या बाजाराकडे येतो. मराठवाड्यातील शाखांमधून काम करताना एक दृश्य मी इतक्या वेळा पाहिले, की ते एका घराचे न राहता एका पिढीचे झाले आहे. मालक अकाली जातात. मुले लहान असतात. माउली डोक्यावरचा पदर सावरून गल्ल्यावर बसते. उधारीच्या वह्या वाचून घेते, वसुलीला जुन्या मुनीमाला पाठवते, अंगावरचे सोने मोडून आडत्याचे देणे फेडते आणि दुकानाचे नाव बुडू देत नाही. दहा-पंधरा वर्षांनी मुले कर्ती होतात. दरम्यान कधीतरी ‘कागदपत्रांची सोय’ म्हणून तिने हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा दिलेला असतो. दुकान थोरल्याच्या नावावर, जागा धाकट्याच्या नावावर. पुढे वाटणीचा दिवस येतो. वजने-मापे, काउंटर, गोदामातील माल, येणे-देणे यांची मोजदाद होते, आणि ज्या बाईने हे सारे राखले तिच्या वाट्याला प्रश्न येतो : ‘आई कोणाकडे राहणार?’ मालाची वाटणी करतात तशी आईच्या महिन्यांची वाटणी होते. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. ती काही बोलत नाही. ज्या घराची ती मालकीण होती, त्या घरात आता तिची ‘सोय’ केली जाते.

यात मुलांची नियत वाईट असते असे मी म्हणणार नाही. बहुतेक मुले आईच्या पाया पडून दुकान उघडणारी असतात. दोष नोंदीचा आहे. जमाखर्चाचा पहिला पाठ आम्हाला महाविद्यालयात शिकवला तो असा : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या खाती जमा. दुकानात ज्याने रक्कम आणली त्याचे खाते उघडलेच पाहिजे. तो मालकाचा सख्खा भाऊ असो वा परका सावकार. मग अडचणीच्या वर्षी आईचे दागिने मोडून आलेली रक्कम कोणाच्या खाती जमा झाली? जुन्या वह्या उघडून पाहा. ती बहुधा दुकानाच्या रोकडीत नुसतीच ‘जमा’ दिसेल, देणारीचे खाते तिथे नसेल. इतकी वर्षे तिने केलेल्या कामाचा पगार तर कोणी मनातही धरला नसेल. ज्या पेढीत पैशाची चूक निघाली तर रात्र जागून मेळ घातला जातो, त्या पेढीच्या वहीत एवढी मोठी रक्कम बिननावाची राहिली.

या नोंदीचे मोल ओळखणाऱ्या स्त्रिया आपल्याच राज्यात होऊन गेल्या. मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी इमारतीच्या गच्चीवर बसून पापड लाटायला सुरुवात केली. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. भांडवल होते उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हीच पुढची ‘लिज्जत’. समाजसेवक छगनलाल पारेख, ज्यांना सारे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी या बहिणींना दोन गोष्टी बजावल्या : मालाच्या दर्जात तडजोड नको आणि हिशेब धंद्याला शोभेल असा चोख ठेवा. पापडात काय विशेष? पापड आपल्या प्रत्येक घरात लाटला जातो. विशेष हे, की लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालकीण म्हणून नोंदली गेली. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. काम तेच, हात तेच, उडदाचे पीठही तेच. घरात लाटले तेव्हा त्याला ‘हातभार’ म्हणत होते, वहीत नाव चढले तेव्हा त्याचा उद्योग झाला. जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली; २०२३ मध्ये त्या निवर्तल्या.

सुज्ञ वाचकांनी यातून काय घ्यावे? माझ्या व्यवसायाला अनुसरून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली, हक्कसोडपत्राची घाई करू नये. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मिळकतीत पत्नीचा हिस्सा मुला-मुलींबरोबरीचा असतो, आणि तिला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. मुलांची सोय पाहताना आईचा आधार काढून घेतला जात नाही ना, हे सही घेण्यापूर्वी थोरल्यांनी स्वतःला विचारावे.

दुसरी, बँकेतील नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. नामनिर्देशित व्यक्तीने रक्कम विश्वस्त म्हणून स्वीकारायची असते. ती कोणाची हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. ‘आईचे नाव नॉमिनी म्हणून टाकले आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत. मृत्युपत्र स्पष्ट शब्दांत करावे आणि ते कोठे ठेवले आहे हे तिला सांगून ठेवावे.

तिसरी, दुकानात जी स्त्री खरोखर काम करते तिला भागीदारीपत्रात भागीदार करावे किंवा तिचा पगार लावावा, आणि तो तिच्याच खात्यात जमा व्हावा. नुसते करापुरते नाव घालून सह्या घेत राहणे हा पुन्हा तोच अन्याय आहे. तिचे सोने किंवा बचत धंद्यात घेतली असेल तर तिचे खाते उघडून त्यावर व्याज धरावे.

चौथी, घर घेताना तिच्या नावाचा विचार अगत्याने करावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ पासून स्त्रीच्या नावे होणाऱ्या घरखरेदीला मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत दिलेली आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे, असा क्रमही आता ठरला आहे. सरकारी दप्तराला जे सुचले ते आपल्या पेढीला सुचायला काय हरकत आहे?

यावर कुणी म्हणेल, की आईचे ऋण असे आकड्यांत मांडायचे का? तिने जे केले ते प्रेमाने केले. त्याचा हिशेब मागितला नाही. हे खरेच आहे. परंतु तिने मागितला नाही म्हणून आपण ठेवू नये, हे व्यापारी धर्मात बसत नाही. गिऱ्हाईक सुटे पैसे विसरून गेले तर आपल्या वडीलधाऱ्यांनी ते पुडीत बांधून वेगळे ठेवलेले आपण पाहिले आहेत. न मागितलेले देणेही देणेच असते. अचौर्याचे व्रत मापात काटा मारण्यापुरतेच आहे असे आपल्या शास्त्रानेही म्हटलेले नाही.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमारांची बुद्धी आणि शालिभद्रांची ऋद्धी मागतो. शालिभद्रांची कथा घरोघरी ठाऊक आहे. सव्वा-सव्वा लाख मोहरांच्या सोळा रत्नकंबली राजा श्रेणिकाला परवडल्या नाहीत, त्या एका स्त्रीने सर्वच्या सर्व घेतल्या आणि दोन-दोन तुकडे करून बत्तीस सुनांना वाटल्या. ती स्त्री म्हणजे शालिभद्रांची आई, भद्रा शेठाणी. पतीच्या पश्चात सारी पेढी तीच चालवीत होती. राजा भेटीला आला तेव्हा सातव्या मजल्यावरच्या शालिभद्रांना वाटले, ‘श्रेणिक’ नावाचा काही माल आला असेल, तो कोठारात टाकून द्या! इतके ते व्यवहारापासून दूर होते. ज्या ऋद्धीचे मागणे आपण दरवर्षी मागतो, तिचा जमाखर्च एका आईच्या हाती होता. यंदा वही उघडाल तेव्हा शालिभद्रांच्या नावाशेजारी भद्रामातेचेही नाव लिहा, आणि आतल्या पानावर स्वतःच्या आईचे खाते उघडा.